‘ना’पासून नालासोपाऱ्यापर्यंत

प्रस्तावना

दादर स्थानकातली तिकीट खिडकी. संध्याकाळचे सहा वाजलेले आणि मागे पंधरा-वीस माणसांची रांग. माझं वय तेव्हा सतरा होतं. आतल्या बाबूंनी मान वर न करताच विचारलं, “कुठे?” मला घरी जायचं होतं आणि घर नालासोपाऱ्याला. मी तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडकलो. “ना... ना... ना...” पुढचा ‘ला’ काही केल्या येईना. जबडा आवळला गेला, डोळे मिटले, मान एका बाजूला झटके देऊ लागली. “ना ना काय करतोस? जायचं नाही का?” आतून आवाज आला आणि रांगेत हशा पिकला. मी पैसे पुढे सरकवले आणि म्हणालो, “विरार.” हा शब्द मात्र सहज सुटला.

त्या दिवसापासून जवळजवळ अकरा वर्षं मी विरारचं तिकीट काढून नालासोपाऱ्याला उतरत राहिलो. नालासोपारा विरारच्या अलीकडचं स्थानक, त्यामुळे तिकीट तपासनिसाला त्यात वावगं दिसण्याचं कारण नव्हतं. घरी कुणाला कळलं नाही, मित्रांनाही नाही. माझं अडखळणं असं हळूहळू लोकांच्या नजरेआड गेलं. ते कमी झालं म्हणून नव्हे, तर अडणारा शब्द लांबूनच ओळखून त्याला वळसा घालण्यात मी पटाईत झालो म्हणून. हॉटेलात मिसळ हवी असायची, मागवायचो वडा. दहावीच्या तोंडी परीक्षेत उत्तर येत असून “माहीत नाही” म्हणालो, कारण तेवढे दोन शब्द मला अडत नसत. फोन वाजला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचो.

हे पुस्तक त्या वळशांविषयी आहे. अडखळण्याविषयी तर आहेच. पण अडखळू नये म्हणून माणूस जे जे सोडून देतो, त्याविषयी अधिक आहे. गेली काही वर्षं आम्ही अडखळत बोलणारे आठ-दहा जण दर रविवारी सोपारा गावातल्या एका खोलीत जमतो. त्या बैठकांत जे बोललं गेलं, वाचलं गेलं, करून पाहिलं गेलं, ते इथे मांडलं आहे. मी डॉक्टर नाही आणि वाचा-उपचारतज्ज्ञही नाही. मी रोगी नाही, असंही मला आता वाटतं. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी शब्दांविषयी थोडं. मराठीत बोबडं आणि तोतरं हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोबडं बोलणारं मूल ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणतं. त्याचा उच्चार चुकतो, ओघ तुटत नाही. तोतरं बोलणाऱ्याला उच्चार उत्तम येतो, शब्द ठाऊक असतो, तो ओठांवर आलेलाही असतो. फक्त त्या क्षणी तो पुढे सरकत नाही. हे अडणं तीन तऱ्हांचं असतं. एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतं, स्वर किंवा व्यंजन लांबत जातं, किंवा आवाजच फुटत नाही आणि तोंड उघडं राहतं. ही तिसरी तऱ्हा सर्वांत त्रासाची, कारण समोरच्याला वाटतं, याला काही बोलायचंच नाही. सुश्रुतसंहितेत वाणीच्या विकारांची मूक, मिन्मिण आणि गद्गद अशी तीन नावं येतात. त्यातला ‘गद्गद’ आपण आज कंठ दाटून येण्यासाठी वापरतो. अडखळणाऱ्या वाणीला लावलेलं नाव पुढे भरून आलेल्या मनाच्या वाट्याला गेलं, हे मला कळलं तेव्हा उगाच बरं वाटलं होतं. आमच्या बैठकीत मात्र कुणी कुणाला ‘तोतरा’ म्हणत नाही. अडखळणं ही बोलण्याची एक तऱ्हा आहे. ते माणसाचं नाव होऊ नये.

आपण किती जण आहोत? जगभरात साधारण १ टक्का लोक अडखळत बोलतात, असं मानलं जातं. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्या हिशोबानं एकट्या या पट्ट्यात १२ हजारांच्या आसपास माणसं होतात. गर्दीच्या वेळच्या दोन-तीन लोकल भरतील, एवढी. तरीही शाळेत मला वाटायचं की असा मी एकटाच आहे. कारण उघड आहे : आमच्यातला जो तो गप्प बसलेला असतो.

लहान मुलांत हे प्रमाण अधिक असतं. दोन ते पाच या वयात, वाक्यं लांबू लागतात त्या काळात, ५ ते ८ टक्के मुलं काही काळ अडखळतात आणि त्यांतल्या चारांपैकी सुमारे तिघांचं बोलणं पुढे आपोआप सुरळीत होतं. मुलींचं मुलांपेक्षा जास्त सावरतं. म्हणून मोठेपणी अडखळणाऱ्या दर चार पुरुषांमागे साधारण एकच स्त्री आढळते. पण तिला ते जड जातं. आमच्या बैठकीला येणाऱ्या एका ताईंनी सांगितलं होतं की त्यांना पाहायला आलेल्या लोकांसमोर घरच्यांनी त्यांना तासभर बोलूच दिलं नाही. चहाचा ट्रे ठेवला आणि आत पाठवलं.

हे का होतं, याचं उत्तर शोधण्यात माणसानं फार काळ घालवला आहे आणि त्याची किंमत अडखळणाऱ्यांनी मोजली आहे. जीभ जड आहे, असं समजून १८४१ मध्ये बर्लिनचे शल्यचिकित्सक डीफेनबाख यांनी रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी पाचरीसारखा तुकडा कापून काढला होता, तोही भुलीची सोय नसलेल्या काळात. आपल्याकडे एवढं क्रौर्य नव्हतं, पण समजूत तीच होती. माझी आजी सहाणेवर वेखंड उगाळून मधातून माझ्या जिभेला लावायची. पुढे कुणीतरी अक्कलकारा सांगितला. तोंड बधिर व्हायचं, लाळ सुटायची आणि ‘ना’ होता तिथेच राहायचा. आजीच्या मायेत काही खोट नव्हती. खोट होती ती दोष जिभेत आहे या समजुतीत.

जीभ ठणठणीत असते, याचा पुरावा मला विरार लोकलमध्ये रोज मिळायचा. आमच्या डब्यात भजनी मंडळ होतं. टाळ वाजू लागले की मी त्यात मिसळायचो आणि बोरिवली मागे पडेपर्यंत एकदाही अडखळायचो नाही. भजन संपल्यावर शेजारच्या गृहस्थांनी “नाव काय तुमचं?” विचारलं की पुन्हा कुलूप. शाळेत सगळ्या वर्गाबरोबर पाढे म्हणताना मी अस्खलित असायचो. एकट्यानं हजेरी देताना ‘ह’ वर अडायचो. पुढे वाचनात आलं की हा अनुभव जवळजवळ सगळ्या अडखळणाऱ्यांचा आहे. गाताना, इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना, एकट्यानं स्वतःशी किंवा तान्ह्या बाळाशी बोलताना अडखळणं बहुधा मावळतं. संशोधक याचा अर्थ असा लावतात की अडचण ओठ-जिभेत नसून बोलण्याच्या हालचाली नेमक्या वेळी सुरू करणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेत आहे. बाहेरून ताल किंवा सोबतीचा आवाज मिळाला की त्या यंत्रणेला टेकू मिळतो. मेंदूच्या प्रतिमा घेऊन झालेल्या अभ्यासांत डाव्या बाजूच्या, वाणीशी निगडित भागांना जोडणाऱ्या तंतूंत फरक दिसले आहेत. काही अंशी हे घराण्यातून येतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डेनिस ड्रेना यांच्या गटानं पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून सुरुवात करून अडखळण्याशी संबंध असलेली तीन जनुकं दाखवून दिली.

हे इतकं सविस्तर सांगतो, कारण आजही आयांना दोषी धरलं जातं. गरोदरपणात घाबरली असशील, मुलाला ओरडली असशील, घरात दोन-दोन भाषा बोलता म्हणून झालं असेल. नालासोपाऱ्यात तर हे शेवटचं फार ऐकू येतं, कारण इथे घरात कादोडी, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, शेजारी भोजपुरी आणि दुकानात गुजराती असा रोजचा व्यवहार आहे. दोन भाषांमुळे मूल अडखळू लागतं, असं कोणत्याही अभ्यासानं सिद्ध झालेलं नाही. भीतीनंही अडखळणं जन्माला येत नाही. आधी अडखळणं येतं, मग हसणारे येतात, मग भीती येते. आणि भीतीनं स्नायू आवळले की अडखळणं वाढतं. हे चक्र एकदा फिरू लागलं की कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे बघणाऱ्याला ओळखू येत नाही.

हसण्याचा, टोकण्याचा परिणाम किती खोल जातो, हे दाखवणारा एक काळा प्रसंग या विषयाच्या इतिहासात आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग झाला. त्यांतल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना, ‘तुम्ही अडखळता, जपून बोला’ असं वारंवार बजावण्यात आलं. ती मुलं बोलायलाच कचरू लागली, गप्प झाली. प्रयोग दडपला गेला आणि जॉन्सन यांच्या विद्यापीठानं माफी मागितली ती थेट २००१ मध्ये. जॉन्सन स्वतः अडखळत बोलायचे, म्हणून हे अधिकच लागतं. आपल्या सिनेमांनीही यात भर घातली. १९९३चा ‘डर’ आला तेव्हा त्यातल्या नायिकेच्या नावाचं पहिलं अक्षर तोडून तोडून मला हाक मारणारी मुलं गल्लीत दररोज असायची. २००९च्या ‘कमीने’त शाहिद कपूरनं अडखळणारा गुड्डू उभा केला, तेव्हा पहिल्यांदा असा माणूस पडद्यावर प्रेम करताना आणि जीव वाचवण्यासाठी धडपडताना दिसला. हृतिक रोशन यांनी आपल्या अडखळण्याविषयी जाहीरपणे सांगितलं, तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी पहिल्यांदा घरात हा विषय काढला.

आता उपचारांकडे येतो. पुस्तकाचा मोठा भाग याविषयी आहे. इथे फक्त वाटा दाखवतो.

पहिली वाट लहान मुलांची. मूल सहा महिन्यांहून जास्त काळ अडखळत असेल, घरात आणखी कुणी अडखळणारं असेल, किंवा बोलताना ते डोळे मिटू लागलं, मान झटकू लागलं, शब्द टाळू लागलं असेल, तर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून थांबू नये. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात उपचारांचा गुण सर्वांत चांगला येतो. ऑस्ट्रेलियात सिडनीला मार्क ऑन्सलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या लिडकोम पद्धतीत उपचार आई-बाबाच करतात. तज्ज्ञ त्यांना शिकवतात की रोज थोडा वेळ मुलाशी खेळत बोलावं, ते सहज बोललं की त्याचं मनापासून कौतुक करावं आणि अडखळल्याची दखल अगदी हलक्या हातानं, क्वचितच घ्यावी. याखेरीज घरानं करण्यासारखं पुष्कळ आहे. मुलाला ‘सावकाश बोल’ म्हणण्याऐवजी आपण सावकाश बोलावं. जेवताना एका वेळी एकानंच बोलावं. पाहुण्यांसमोर ‘कविता म्हणून दाखव’ हा हट्ट धरू नये.

दुसरी वाट ओघ घडवण्याची. श्वास सैल सोडत, पहिला ध्वनी हळुवार उमटवत, स्वर लांबवत बोलायला शिकवतात. वर्गात याचा परिणाम थक्क करणारा असतो. मी विशीत असताना लोकलच्या डब्यातली जाहिरात वाचून अशाच एका वर्गाला गेलो होतो. पंधराव्या दिवशी मी व्यासपीठावर सलग पाच मिनिटं बोललो आणि आई रडली. सोळाव्या दिवशी दादरच्या खिडकीवर पुन्हा ‘विरार’ म्हणालो. तंत्र खोटं नव्हतं. पण शांत खोलीत शिकलेलं कसब गर्दीत उतरवण्याचं काम कुणी करून घेतलं नव्हतं आणि माझी भीती होती तशीच होती. शिवाय ‘कायमचा बरा’ असं सांगितलं गेल्यामुळे पुन्हा अडखळलो तेव्हा अपराध माझाच ठरला. अमुक दिवसांत शंभर टक्के गुण, अशी हमी जो देईल, त्याच्यापासून लांब राहा. या हमीला आजवरच्या अभ्यासात कुठे आधार नाही आणि अडखळण्यावर नेमकं लागू पडणारं मान्यताप्राप्त औषधही नाही.

तिसरी वाट माझ्या आयुष्यात सर्वांत उपयोगी पडली. चार्ल्स व्हॅन रायपर हे अमेरिकेतले वाचातज्ज्ञ स्वतः लहानपणापासून अडखळत. न अडखळण्याची धडपड सोडून सोपं अडखळायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीत शब्द अडखळत का होईना पूर्ण करायचा, मग क्षणभर थांबायचं आणि तोच शब्द सैल तोंडानं पुन्हा म्हणायचा. दुसरीत अडकलेलं असतानाच ताण ओळखायचा आणि तिथल्या तिथे तो सोडत शब्दातून बाहेर यायचं. तिसरीत अडणारा शब्द येतो आहे हे जाणवताच आधीच जबडा सैल करून त्यात शिरायचं. त्याच्या जोडीला मुद्दाम अडखळण्याचा सराव असतो. आम्ही रविवारी तो स्थानकाबाहेर करतो. रिक्षावाल्यांना मुद्दाम अडखळत “तुळींजला येणार का?” विचारायचं, केळीवालीकडे सुकेळ्यांचा भाव विचारायचा, आणि विचारताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. पहिल्यांदा पाय थरथरतात. दहाव्यांदा लक्षात येतं की बहुतेक माणसं हसत नाहीत, ती फक्त भाव सांगतात.

जोसेफ शीहन या आणखी एका अडखळणाऱ्या अभ्यासकानं अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली होती. पाण्यावर दिसतं ते अडखळणं. लाज, धास्ती, टाळाटाळ हे सगळं पाण्याखाली. माझी अकरा वर्षांची विरारची तिकिटं पाण्याखाली होती. वरचं टोक कितीही तासलं तरी ती हलली नसती. म्हणून आजचे चांगले तज्ज्ञ उच्चारांच्या सरावाबरोबर भीतीचे विचार तपासायला शिकवतात आणि टाळणं टप्प्याटप्प्यानं कमी करवून घेतात. त्याच्या जोडीला आपल्यासारख्यांची सोबत लागते. २००८ पासून काम करणाऱ्या द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशननं देशभर असे स्वमदत गट उभे केले आहेत. १९९८ पासून २२ ऑक्टोबर हा दिवस जगभर अडखळण्याविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

आपल्या भागातून जायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. पश्चिम रेल्वेच्याच मार्गावर दोन जुनी, भरवशाची सरकारी-पालिकेची ठिकाणं आहेत. एक वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, १९८३ मध्ये स्थापन झालेली. दुसरं मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय, जिथे वाचा-उपचाराचं शिक्षणही दिलं जातं. खासगी तज्ज्ञाकडे जाणार असाल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. लहान मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरातूनच सुरू झाला होता; शाळा-अंगणवाडीत त्याचं पथक आलं की मुलाचं बोलणंही दाखवा. तरीही खरं सांगायचं तर, आठवड्याला एकदा रोजंदारी बुडवून, लेकराला काखोटीला मारून वांद्र्याला जाणं आचोळ्याच्या चाळीतल्या आईला जमत नाही. वाचातज्ज्ञ आपल्या शहरात, पालिकेच्या दवाखान्यात बसला पाहिजे. ही मागणी या पुस्तकातून मी हात जोडून करतो आहे.

शेवटी ऐकणाऱ्यांविषयी. आमच्या गावाचं एक भाग्य आहे. प्राचीन शूर्पारक म्हणजे हेच सोपारा. इथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. लेख मूळचा अखंड. हाती आला तो फुटलेला, अर्ध्यावर तुटणाऱ्या ओळींचा. त्या लेखाचा आशय असा की पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या यात्रांना जात. या राजानं त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या, आणि त्यांत वृद्धांना भेटणं, खेड्यापाड्यांतल्या माणसांकडे जाणं, त्यांच्याशी विचारपूस करणं आलं. तुटक अक्षरांपाशी पंडितांनी वर्षानुवर्षं बसून अर्थ लावला. अक्षरं तुटलेली आहेत म्हणून सांगणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं त्यांतल्या कुणी म्हटलं नाही. तेवढा धीर जिवंत माणसासाठी आपण धरत नाही. ‘बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात’ अशी म्हण आपण मुलांना शिकवतो. गहू पडून राहिले यात गिऱ्हाइकाच्या घाईचा वाटा किती, हे कधी विचारत नाही.

अडखळणाऱ्यासाठी करायचं ते फार थोडं आहे. त्याचं वाक्य आपण पूर्ण करू नये. आपण सुचवलेला शब्द त्याचा नसतो आणि चुकीचा निघाला तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘दीर्घ श्वास घे’, ‘घाबरू नकोस’ असे सल्ले देऊ नयेत. नजर वळवू नये. शिक्षकांनी तोंडी परीक्षेआधी त्या मुलाला एकट्यानं गाठून, तुला कसं सोपं जाईल, एवढं विचारावं.

या पुस्तकात ज्यांचे अनुभव आले आहेत, त्या माझ्या रविवारच्या सोबत्यांची नावं त्यांच्या इच्छेनुसार बदललेली किंवा वगळलेली आहेत. त्यांचं ऋण मोठं आहे. पुस्तक सलग वाचायची गरज नाही. पालकांनी पहिला भाग आधी वाचावा, शिक्षकांनी शेवटचा. जो स्वतः अडखळतो, त्यानं कुठलंही पान उघडावं आणि मोठ्यानं वाचावं. घरात कुणी ऐकत असेल तर अधिक चांगलं.

मी आजही अडखळतो. मोबाइलवर तिकीट निघतं, आता खिडकीपाशी जायची गरज उरलेली नाही. तरी महिन्यातून एकदा मी मुद्दाम रांगेत उभा राहतो आणि जिथे जायचं आहे, त्याच गावाचं नाव घेतो. कधी ते एका दमात येतं, कधी पाच-सहा सेकंद लागतात. तुम्ही रांगेत माझ्या मागे असाल, खिडकीच्या आत असाल, वर्गात फळ्यापाशी किंवा जेवणाच्या ताटावर समोर असाल, तर एवढंच मागणं आहे : बोलणारा अजून ‘ना’वर असेल, तर त्याला नालासोपाऱ्यापर्यंत येऊ द्या.

सोपारा गाव, नालासोपारा (पश्चिम)
२२ ऑक्टोबर